डाव्या पायाची साक्ष

मोटारींच्या विजेची कामे करण्यात, पुण्याच्या सातारा रस्त्यावर, माझ्या वयाची बहुतेक वर्षे गेली. आणि त्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या फिर्यादींचे स्वरूप जसजसे पालटत गेले, तसतसा आमचा धंदाही पालटला. डायनामो आणि कटआउट यांच्या अमलात गिऱ्हाईक येई ते गाडी ढकलत, घामाघूम होऊन, आणि त्याची कैफियत एका वाक्यात आटोपे: गाडी सुरू होत नाही. आता तोच गृहस्थ, किंवा बहुधा त्याचा मुलगा, वातानुकूलित गाडीतून प्रसन्न मुद्रेने उतरतो, चहा घेतो, हवापाण्याच्या चार गोष्टी करतो, आणि मग काहीशा संकोचाने सांगतो की गाडी उत्तम आहे, अ‍ॅव्हरेजही चांगले मिळते, फक्त ते क्रूझ तेवढे लागत नाही. जे मोडले आहे ते हुडकून काढणे हे फारसे बुद्धीचे काम नव्हे, कारण मोडलेली वस्तू आपण होऊन बोलते. परंतु जेथे प्रत्येक अवयव दिसावयास धडधाकट आहे आणि तरीही यंत्र राजी होत नाही, तेथे तहकीकात करणाऱ्याची खरी परीक्षा लागते.

ही फिर्याद आमच्याकडे इतकी उशिरा का यावी, यालाही कारण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला खरा, पण अवघ्या चौऱ्याण्णव-पंच्याण्णव किलोमीटरांचा तो रस्ता, त्यात बोरघाट, आणि तिन्ही मार्गिका व्यापून चाललेले मालट्रक. अशा ठिकाणी क्रूझ कंट्रोल लावून बसणारा माणूस एक तर अत्यंत आशावादी असला पाहिजे किंवा अत्यंत नवखा. स्टेअरिंगवरच्या त्या कळा बहुसंख्य गाड्यांत केवळ शोभेसाठी होत्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत येऊन ७०१ किलोमीटरांचा झाला, आणि सपाटीवर ताशी १२० किलोमीटरांची मुभा असलेल्या त्या सरळसोट रस्त्यावर उजवा पाय अवघडलेल्या माणसांनी आयुष्यात प्रथमच त्या कळा मनापासून दाबल्या. बिघाड पुष्कळदा आधीपासूनचाच असे. त्याला वाचा मात्र त्या रस्त्याने फोडली.

ज्यांनी ही सोय कधी वापरली नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. गाडी साधारणपणे ताशी चाळीस किलोमीटरांच्या वर गेली, की मुख्य कळ दाबून डॅशबोर्डवरचा दिवा लावावयाचा, हवा तो वेग आला की 'सेट' दाबावयाचे, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यावयाचा. चढ आला तर इंजिनाला अधिक इंधन देणे आणि उतार आला तर ते आवरते घेणे ही जबाबदारी मग संगणक पत्करतो. परंतु या यंत्राचे मर्म वेग सांभाळण्यात नाही, वेग सोडून देण्यात आहे. चालकाने ब्रेकला नुसता पाय लावला, क्लच किंचित दाबला, वेग फार उतरला, किंवा कोठे काही संशयास्पद दिसले, की तत्क्षणी सर्व अधिकार परत करून मोकळे व्हावे, अशीच त्याची घडण आहे, आणि म्हणून त्याच्या वायरिंगमध्ये होकार देणारी एक वाट असली तर नकार देणाऱ्या चार असतात. ही गोष्ट ध्यानी आली म्हणजे तपासाची दिशाच बदलते. क्रूझ का लागत नाही, असे विचारीत बसू नये. त्याला नको असे कोण सांगते आहे, हे विचारावे.

या यंत्राचा जनक राल्फ टीटर हा अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एक अभियंता, आणि तो अंध होता. वयाच्या पाचव्या वर्षी अपघाताने त्याची दृष्टी गेली. पुढे तो पिस्टनच्या रिंगा बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचा अध्यक्ष झाला. त्याचा वकील गाडी हाकताना बोलू लागला की वेग कमी करी आणि ऐकू लागला की वाढवी, या हिसक्यांना कंटाळून टीटरने वेग स्थिर ठेवण्याची युक्ती काढली, असे सांगतात. तिचे पेटंट त्याला १९५० साली मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल गाडीत ती 'ऑटो-पायलट' या नावाने आली. या हकिकतीत माझ्यासारख्याला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. त्या इम्पीरियल गाडीला गिअर ऑटोमॅटिक होते. क्लचचे पेडलच नव्हते. म्हणजे ज्या गाडीतून या यंत्राचा संसार सुरू झाला, तिथे नकार देण्याचे काम मुख्यतः ब्रेकचे. डाव्या पायाची साक्ष काढण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आपल्याकडे मात्र हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांतही ही सोय सर्रास मिळते, आणि आमच्या दप्तरी येणारी निम्मी गुंतागुंत त्या तिसऱ्या पेडलाच्या माथ्यावर बसवलेल्या, अंगठ्याएवढ्या एका स्विचामुळे निर्माण होते.

हा स्विच पाहावयाचा तर मान आखडेपर्यंत डॅशबोर्डाखाली डोके घालावे लागते, आणि म्हणूनच की काय, तो पाहिला जात नाही. क्लचच्या पेडलाला पुष्कळ गाड्यांत दोन स्विच असतात. पेडल पूर्ण खाली गेले की दाबला जाणारा खालचा स्विच स्टार्टरला परवानगी देतो. पेडल पूर्ण वर आले असता दाबलेला राहणारा वरचा स्विच क्रूझचा पहारेकरी असतो, आणि पेडल जरा हलले की त्याचा प्लंजर सुटून संगणकाला वर्दी जाते. काही गाड्यांत दोहोंची कामे एकाच नगाकडे सोपवलेली असतात, तर अलीकडच्या काहींत स्विचाच्या जागी चुंबकावर चालणारा सेन्सर येतो. ही वर्दी एवढी महत्त्वाची का, याचे उत्तर सोपे आहे. क्रूझ लागलेले असताना क्लच दाबला, तर चाकांचा भार इंजिनावरून एकदम उतरतो. पण वेग टिकवण्याच्या हुकमाने बांधलेला संगणक इंधन देतच राहतो, आणि इंजिन किंचाळत लाल रेषेकडे धावते. नव्या गाड्यांतील संगणक इंजिनाचे फेरे आणि चाकांचा वेग यांचे प्रमाण मनाशी ताडून पाहतो आणि ते बिघडले की स्विचाची वाट न पाहता क्रूझ सोडतो. तथापि प्रत्येक गाडीत हा दुसरा बंदोबस्त आहे असे गृहीत धरणे शहाणपणाचे नाही.

एके दिवशी कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी आले. नागपूरला मुलीकडे जाताना समृद्धीवर दर काही किलोमीटरांनी क्रूझ आपोआप सुटे. पुन्हा लावावे, पुन्हा सुटे. एका गॅरेजने त्यांना स्टेअरिंगवरच्या कळांचा नवा संच बसवून दिला होता, आणि दोष जिथल्या तिथे होता. माझ्याकडे शिकत असलेल्या पोराने स्कॅनर लावला. नोंद काहीच नव्हती. पोराचा चेहरा उतरला. हल्लीच्या मुलांना स्कॅनरने काही सांगितले नाही की गाडीत काही नाहीच असे वाटते, आणि त्याने काही सांगितले की तेवढेच आहे असे वाटते. दोन्ही समजुती सारख्याच घातक.

मी म्हटले, "साहेब, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

कात्रजच्या बोगद्यापलीकडे रस्ता मोकळा मिळाला, त्यांनी क्रूझ लावले, आणि मी रस्त्याकडे न पाहता त्यांच्या पायांकडे पाहत राहिलो. उजवा पाय निवांत बाजूला होता. डावा मात्र क्लचच्या पेडलावर, वजन न देता, नुसता टेकलेला. आणि रस्त्याला जेथे म्हणून उंचवटा येई, तेथे तो पाय केसभर खाली जाई आणि डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा विझे. स्विच निर्दोष होता. तो आपले काम इतक्या प्रामाणिकपणे करीत होता की त्याच्यावरच आळ आला होता.

आता हे त्या गृहस्थांना सांगावे कसे, हा प्रश्न तपासाहून अवघड होता. प्रीमियर पद्मिनीपासून गाडी चालवणाऱ्या माणसाला, तुमचा पाय चुकतो, असे तोंडावर सांगणे आमच्या धंद्यात शिष्टसंमत नाही. मी एवढेच म्हणालो, "काका, डावा पाय जरा क्लचशेजारच्या त्या डेड पेडलवर, पाय टेकायच्या पट्टीवर, ठेवून बघा."

त्यांनी पाय ठेवला. खेड शिवापूर आले, टोलनाका आला, क्रूझ सुटले नाही. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बिघाड माझ्यात होता म्हणायचा."

"सवयीत," मी म्हणालो. "लक्ष्मी रोडवर चालवणाऱ्याचा पाय क्लचवरून उतरतो कुठे?"

क्लचवर पाय ठेवून चालवण्याने क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंग झिजते, हे आम्ही मेस्त्री लोक ओरडून सांगत आलो आणि कोणी ऐकले नाही. ते कार्य अखेर क्रूझने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

याच्या उलट प्रकार असा की पाय कोठेच नाही आणि स्विच मात्र पेडल दाबले आहे म्हणून शपथेवर सांगतो. याचे जे कारण मी सर्वाधिक वेळा पाहिले, ते सांगितले तर कित्येकांचा विश्वास बसणार नाही. स्विचाचा प्लंजर पेडलाच्या लोखंडी पट्टीवर टेकतो. त्या पट्टीला ज्या ठिकाणी तो टेकतो तेथे एक भोक असते, आणि त्या भोकात रबराची किंवा प्लॅस्टिकची एक छोटी गुंडी दाबून बसवलेली असते. उन्हाळ्याच्या कैक झळा सोसून ही गुंडी वाळते, ठिसूळ होते आणि एके दिवशी तिचा भुगा होऊन पायाखालच्या मॅटवर पडतो. मग प्लंजर त्या भोकातून आरपार जातो, पेडल पूर्ण वर असूनही स्विच सुटलेलाच राहतो, आणि संगणकाच्या लेखी चालकाने क्लच अहोरात्र दाबून धरलेला असतो. क्रूझ अशा स्थितीत लागणे शक्यच नाही. ज्या गाडीत याच स्विचाच्या साक्षीवर स्टार्टर फिरतो, ती गाडी मग क्लच न दाबताही सुरू होते, आणि गिअरमध्ये उभी असली तर भिंतीवर उडी घेते. उलट, खालच्या स्विचाची गुंडी गेली तर स्टार्टर मुळीच फिरत नाही, आणि निरपराध बॅटरी बदलली जाते. ब्रेकच्या पेडलाची गुंडी गेली, की मागचे लाल दिवे रात्रभर जळतात. चिपळूणच्या एका डॉक्टरीण बाईंनी सकाळी बॅटरी उतरते म्हणून एक आणि क्रूझ लागत नाही म्हणून दुसरी अशा दोन स्वतंत्र तक्रारी कागदावर लिहून आणल्या होत्या, त्या दोन्ही मॅटवरच्या चिमूटभर निळ्या भुग्यात मला एकत्र सापडल्या. म्हणून गाडी आली की पहिल्याने मॅट पाहावी. ती झटकून मग गाडी आत घेणारा पोऱ्या पुरावा नष्ट करीत असतो.

ब्रेकच्या स्विचात बहुधा दोन संपर्क असतात. एक पेडल दाबल्यावर जुळतो आणि दिवे लावतो. दुसरा पेडल दाबल्यावर तुटतो आणि क्रूझ सोडवतो. संगणक दोघांच्या जबान्या एकमेकींशी पडताळून पाहतो, आणि त्यांत विसंगती आढळली की दोघांवरही विश्वास ठेवीत नाही. दिवे नीट लागतात म्हणून ब्रेकचा स्विच नीट आहे, हा आमच्यातील कित्येक जुन्या वायरमन मंडळींचा निष्कर्ष म्हणूनच अर्धवट ठरतो. स्कॅनरवर अशा वेळी पी ०५७१ किंवा पी ०५०४ उमटते, आणि क्लचच्या बाबतीत पी ०७०४. पोरे हे आकडे वाचतात आणि लगेच नवा स्विच मागवतात. पण हा आकडा मार्गाचे नाव सांगतो, गुन्हेगाराचे नव्हे. त्या मार्गावर स्विच आहे, कपलर आहे, वायर आहे, फ्यूज आहे आणि कोणा उंदराचे दातही असू शकतात. स्कॅनरचा खरा उपयोग जुन्या नोंदी वाचण्यात नसून चालू स्थिती पाहण्यात आहे. क्लचच्या रकान्यात 'ऑन' की 'ऑफ' हे दिसत असताना पेडलाखाली बूट घालून ते किंचित वर उचलावे. उचलताच रकाना पालटला, तर पेडल पूर्ण वर येत नाही किंवा स्विचाचा चेकनट ढिला होऊन तो मागे सरकला आहे, हे सिद्ध झाले. मग स्विच बदलण्याचे कारण उरत नाही. पेडल वर का येत नाही, ते पाहावे लागते: कोठे मॅट अडकलेली असते, कोठे स्प्रिंग मेलेली, आणि कोठे क्लचच्या मास्टर सिलिंडरमधून तेल गळत असल्याने पेडल अर्ध्या वाटेवर रेंगाळत असते, अशा वेळी क्रूझची तक्रार ही खरोखर क्लच लवकरच दगा देणार असल्याची आगाऊ नोटीस ठरते. चढावर वेग तोच असून इंजिनाचे फेरे वाढतात आणि तेवढ्यातच क्रूझ सुटते, असे कोणी सांगितले, तर मी स्विचाला हातही लावीत नाही. तेथे क्लचप्लेट घसरत असते आणि संगणकाला ते मालकाच्या आधी कळलेले असते.

कोकणातल्या गाड्यांची तऱ्हा आणखी निराळी. ओल्या चपलांचे पाणी, काचेखालच्या जाळीतून झिरपणारे पाणी, आणि चार महिने न वाळणारी हवा यांनी कपलरमधील तांब्याचे दात कळकतात. बाहेरून सर्व ठीक दिसते, मल्टिमीटर लावला तर वायर अखंड असल्याची शिटीही वाजते, पण हिरव्या थराचा अडथळा मध्ये असल्याने संगणकापर्यंत व्होल्ट पुरते पोचत नाहीत. अशी गाडी पावसाळ्यात बिघडते आणि दिवाळीत आपोआप बरी होते, आणि मालक त्याचे श्रेय मध्यंतरी भेटलेल्या शेवटच्या मेस्त्रीला देतो.

स्टेअरिंगवरच्या कळांविषयी मला फार लिहावेसे वाटत नाही, कारण त्यांच्यावर आधीच अवाजवी खर्च होत असतो. सेट, रिझ्यूम आणि कॅन्सल या सर्व कळा पुष्कळ गाड्यांत एकाच वायरीवरून बोलतात. प्रत्येकीचा रोध वेगळा, आणि त्यावरून कोणती दाबली हे संगणक ओळखतो. संपर्कावर घाण बसून रोध बदलला, की सेट दाबले असता रिझ्यूमचा अर्थ लावला जातो. मुख्य दिवाच लागत नसेल आणि हॉर्न किंवा एअरबॅगचा दिवाही कुरकुर करीत असेल, तर स्टेअरिंगच्या पोटातील गुंडाळीची पट्टी तुटली असे समजावे, आणि ते काम बॅटरी सोडवून, काही मिनिटे थांबून, जाणत्याकडूनच करवावे. एअरबॅग ही थट्टेची वस्तू नव्हे. परंतु मुख्य दिवा लागतो आणि सेट तेवढे घेत नाही, असे असेल, तर वर मान करून कळा खोलण्यापेक्षा खाली मान घालून पेडले पाहणे बहुतेक वेळा फलदायी ठरते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व लिहिण्यास बसलो, ती सांगतो. आमच्या धंद्यात 'डायरेक्ट करणे' हा एक जुना शिरस्ता आहे. जो स्विच त्रास देतो, त्याच्या दोन वायरी एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळावयाची, म्हणजे स्विचाचा नकार कायमचा बंद. हॉर्नचा किंवा पंख्याचा स्विच असा डायरेक्ट केला तर फार तर गैरसोय होते. परंतु क्लचचा स्विच डायरेक्ट केला, की क्रूझ तर झकास लागते, मालक खूश होतो, मेस्त्रीची वाहवा होते, आणि गाडीतून एक पहारेकरी नाहीसा झाल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. बाजारातून आणून बसवलेल्या क्रूझच्या संचांत तर क्लचची वायर जोडण्याचे पुष्कळदा मुळातच टाळतात, कारण तिच्यासाठी डॅशबोर्डाखाली निजावे लागते. अशाच एका गाडीचा तरुण मालक, अ‍ॅक्सिलरेटर अडकतो, अशी फिर्याद घेऊन आला होता; पुढे ट्रक आडवा आल्याने त्याने घाईघाईने क्लच दाबला, आणि इंजिन असे काही ओरडले की तो गडबडून गेला. अ‍ॅक्सिलरेटर कोठेच अडकला नव्हता. टेप सोडवल्यावर आत दोन वायरी पिळलेल्या होत्या.

ज्यांच्या हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत क्रूझ आहे आणि जे ते वापरतात, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढे-मागे वाहन नसलेल्या सपाट रस्त्यावर, ताशी साठाच्या आसपास, क्रूझ लावावे, उजवा पाय ब्रेकपाशी तयार ठेवावा, आणि डाव्या पायाने क्लचला केवळ स्पर्श करावा. क्रूझ निमूटपणे सुटले तर पुढल्या सर्व्हिसिंगपर्यंत निर्धास्त असावे. न सुटता इंजिन वर जाऊ लागले, तर ब्रेक लावून क्रूझ बंद करावे, आपल्या मेस्त्रीकडे जावे, क्लचची वायर डायरेक्ट केली आहे काय हे त्याला स्पष्ट विचारावे, आणि केली असेल तर नवा स्विच बसवून होईपर्यंत क्रूझच्या कळेला हात लावू नये.